लाल रेघ हरवली, तर आधी भाषा बघ

बाळ, तू एसटी स्टँडजवळ टायपिंगचं दुकान टाकलंस, लोकांचे अर्ज आणि मेल लिहून द्यायला लागलीस, याचा तुझ्या आत्याला फार आनंद आहे. ज्या कामात माझं आयुष्य गेलं, तेच तू हाती घेतलंस. म्हणून या कामातल्या एका नेहमीच्या अडचणीबद्दल तुला नीट सांगून ठेवते.

मेल लिहिताना चुकलेल्या शब्दाखाली येणारी लाल नागमोडी रेघ एके दिवशी येईनाशी होते. काल होती, आज नाही. शेजारपाजारचे लगेच सांगतील, 'कॉम्प्युटर गंडलाय, फॉरमॅट मार.' ऐकू नकोस. फॉरमॅट मारलं की जुने मेल जातात, फॉन्ट जातात, तू साठवलेले शब्द जातात. आणि मराठीचा शब्दकोशच घातलेला नसेल, तर एवढं करूनही रेघ येत नाही ती नाहीच.

माझा अनुभव असा, की स्पेलचेक सहसा बिघडत नाही. कुणीतरी एखादी खूण काढलेली असते, नाहीतर समोरचा मजकूर कोणत्या भाषेतला आहे हे प्रोग्रॅमला कळलेलं नसतं. मराठी लिहिताना तर हे दुसरंच कारण जास्त सापडतं. म्हणून क्रम पक्का लक्षात ठेव: आधी भाषा, मग सेटिंग, मग शब्दकोश, आणि सगळ्यात शेवटी प्रोग्रॅमची दुरुस्ती.

हे मनावर का घ्यायचं

आपल्या म्हसळ्यात लिहून घ्यायला येणाऱ्या माणसाचं काम अडलेलं असतं. कुणाचा मुलगा कुवेतला, कुणाचा दुबईला. प्रांत कचेरी श्रीवर्धनला, जिल्ह्याची कचेरी अलिबागला. एका शब्दापायी अर्ज परत आला, तर म्हाताऱ्या माणसाला पुन्हा एसटी धरावी लागते, दिवस मोडतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर येऊन आदळलं, तेव्हा कौलं उडाली, नारळी-पोफळी आडव्या झाल्या, वीज आणि मोबाइलची रेंज कित्येक दिवस नव्हती. अशा वेळी नाव, गट नंबर, झाडांची संख्या बिनचूक लिहिणं ही माणसाला केलेली मोठी मदत असते. लाल रेघ त्या कामातली आपली सोबतीण आहे. ती गेली तर शोधून परत आणायची.

आधी परीक्षा घे

नवा, कोरा मेल उघड. कुठूनही काही कॉपी करू नकोस, हाताने टाइप कर. तीन शब्द मुद्दाम चुकीचे लिही: 'पध्दत', 'उज्वल', 'आशिर्वाद'. बरोबर रूपं आहेत पद्धत, उज्ज्वल, आशीर्वाद. मग एक इंग्रजी शब्द चुकव. 'रिसीव्ह'च्या स्पेलिंगमध्ये 'सी'नंतरचे 'ई' आणि 'आय' उलटे टाक. प्रत्येक शब्दापुढे स्पेस दे, कारण शब्द संपल्याचं कळल्याशिवाय रेघ उमटत नाही. आता काय दिसतं ते बघ.

दोन्ही भाषांत रेघ नसेल, तर सेटिंग बंद आहे. इंग्रजीला येते आणि मराठीला येत नाही, तर मराठीचा शब्दकोश नाही किंवा मजकुरावर मराठीची खूण नाही. मराठीच्या बरोबर शब्दांखालीसुद्धा ओळीच्या ओळी लाल होत असतील, तर प्रोग्रॅम तो मजकूर हिंदी किंवा इंग्रजी समजून तपासतोय. आणि कोऱ्या मेलमध्ये रेघ येते, पण गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये येत नाही, तर दोष त्या मजकुरात आहे, प्रोग्रॅमला हात लावायचं कारणच नाही. एवढ्या परीक्षेने निम्मं काम होतं.

आउटलुकमध्ये कुठे बघायचं

मेल लिहायच्या खिडकीत सगळा मजकूर निवड. वर 'रिव्ह्यू'मध्ये 'लँग्वेज', त्यात 'सेट प्रूफिंग लँग्वेज' उघड. तिथे मराठी निवड. त्याच चौकटीत खाली 'डू नॉट चेक स्पेलिंग ऑर ग्रामर' असं लिहिलेलं असतं. तिथे टिक असेल तर काढ. दुसरीकडून आणून पेस्ट केलेल्या मजकुरासोबत ही टिक गुपचूप येते. त्यामुळे एका परिच्छेदात रेघ दिसते आणि खालच्यात दिसत नाही, असं होतं.

कीबोर्डही तपास. विंडोजमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात भाषेचं नाव असतं. आपल्याकडे पुष्कळ जण हिंदीचा कीबोर्ड लावून मराठी टाइप करतात. अक्षरं उमटतात, काम चालतं, पण त्या मजकुरावर हिंदीची खूण बसते. मग 'आहे', 'केलेलं', 'घरापासून' हे शब्द हिंदीच्या कोशात शोधले जातात. मराठी कीबोर्ड जोडून घे. 'ळ' आणि 'ऱ' यांचाही त्याने खोळंबा होत नाही.

सेटिंगसाठी 'फाइल'मध्ये 'ऑप्शन्स' आणि त्यात 'मेल'. तिथे पाठवण्याआधी तपासायची एक खूण आहे, आणि टाइप करतानाच तपासायची खूण एडिटरच्या किंवा स्पेलिंगच्या बटणामागे आहे. दोन्ही लावून ठेव. तिथेच 'रिप्लाय किंवा फॉरवर्डमधला मूळ मजकूर तपासू नको' अशीही एक खूण असते. ती लावलेली असेल, तर खालच्या जुन्या मजकुरात चुका असूनही रेघ येणार नाही. ही सोय आहे, बिघाड नव्हे. जुन्या आउटलुकमध्ये सब्जेक्टची ओळसुद्धा तपासली जात नाही. ती ओळ नेहमी डोळ्यांनीच वाच. साहेब पहिली तीच वाचतात.

एक गोष्ट मात्र गाठ मारून ठेव. सगळं कॅपिटलमध्ये लिहिलेलं इंग्रजी आउटलुक तपासतच नाही. तशी खूण सुरुवातीपासूनच लावलेली असते. पासपोर्टच्या फॉर्मची सवय लागलेले लोक संपूर्ण मेल कॅपिटलमध्ये लिहून आणतात आणि विचारतात, 'रेघ का येत नाही?' मजकूर निवडून तो साध्या लहान अक्षरांत कर, चुका तिथल्या तिथे उघड्या पडतात. आकडे मिसळलेले शब्दही असेच सोडले जातात. म्हणजे गट नंबर, पॉलिसी नंबर, पासपोर्ट नंबर यांवर यंत्राचा पहारा अजिबात नसतो.

हे सगळं करूनही काही झालं नाही, तर कंट्रोल पॅनेलमधून ऑफिसची 'क्विक रिपेअर' चालव. मेलला धक्का लागत नाही, आणि पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

उसना शब्दकोश

आमच्या वेळी आउटलुक एक्सप्रेस होतं. विंडोज एक्सपीसोबत ते फुकट यायचं, म्हणून नेट सेंटरवाल्यांपासून वकिलांपर्यंत सगळे तेच वापरत. त्याला स्वतःचा शब्दकोश नव्हता. कॉम्प्युटरवर वर्ड असेल, तर त्याचाच कोश ते वापरायचं. वर्ड नसेल, तर स्पेलिंगचं बटण फिकट, दाबलं तरी दबत नाही. पुढे ऑफिस 2007 आलं, लोकांनी हौसेने घातलं, आणि आउटलुक एक्सप्रेसचं इंग्रजी स्पेलचेक गेलं. भाषांच्या यादीत उरली फ्रेंच. नव्या ऑफिसचे कोश त्या जुन्या प्रोग्रॅमला वाचता येत नव्हते, एवढंच कारण. आउटलुक एक्सप्रेसमध्ये कितीही शोधलं तरी दोष सापडला नसता, कारण बदल झाला होता ऑफिसमध्ये.

आउटलुक एक्सप्रेस आता इतिहासजमा झालं. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 रोजी काढून घेतला. पण त्यातली शिकवण आजही कामाची आहे. रेघ गेली की स्वतःला विचार: कालपासून आजपर्यंत या मशीनवर नवीन काय घातलं, काय काढलं, काय अपडेट झालं? मेलचा प्रोग्रॅम शब्दकोश कुणाकडून घेतो? उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं.

थंडरबर्ड आणि मराठीचा कोश

पैसे न घालता चांगलं काम करायचं असेल, तर थंडरबर्ड ठेव. त्यात शब्दकोश ॲड-ऑन म्हणून घालावा लागतो. मेल लिहायच्या जागी राइट क्लिक केलंस की 'चेक स्पेलिंग' आणि भाषांची यादी दिसते. मराठी नसेल तर तिथूनच शब्दकोश जोडायची वाट आहे. आताच्या थंडरबर्डमध्ये मराठी आणि इंग्रजी दोन्ही एकदम लावता येतात. आपल्या मेलात दोन्ही भाषा मिसळतात, म्हणून हे फार सोयीचं पडतं. मोठं अपडेट झालं की जुना ॲड-ऑन कधी कधी चालेनासा होतो. तेव्हा ॲड-ऑनच्या पानावर जाऊन तो चालू आहे का, त्याची नवी आवृत्ती आहे का, ते बघायचं.

आत काय चालतं तेही समजून घे, म्हणजे उगाच चिडचिड होणार नाही. थंडरबर्ड आणि लिब्रेऑफिस यांच्यामागे हनस्पेल नावाचं तपासणी यंत्र आहे. हंगेरीच्या लास्लो नेमेथ यांनी ते मुळात हंगेरियनसाठी घडवलं, कारण त्या भाषेत एका शब्दाला प्रत्ययावर प्रत्यय लागतात. मराठीचंही तसंच. 'घर' हा एक शब्द, पण लिहिताना घराला, घरात, घरापासून, घरासमोरच्या, घराघरांतून अशी किती रूपं होतात. म्हणून हनस्पेलच्या दोन फाइल असतात. एकीत मूळ शब्द, दुसरीत प्रत्यय लावायचे नियम. शब्द बरोबर असून रेघ आली, तर त्या रूपाचा नियम कोशात नसेल असं समज. मूळ शब्द वेगळा लिहून बघ. त्याला रेघ नसेल आणि जोडलेला प्रत्यय तुला बरोबर वाटत असेल, तर निःशंक पुढे जा.

जीमेल आणि मोबाइल

आता बरेच जण जीमेल ब्राउझरमध्येच वापरतात. तिथे दोन जागी बघावं लागतं. जीमेलच्या सेटिंगमध्ये 'जनरल'खाली स्पेलिंगच्या सूचना चालू-बंद करायची जागा आहे. दुसरी जागा ब्राउझरची. क्रोममध्ये भाषांच्या सेटिंगमध्ये स्पेलचेक असतं, साधं आणि 'एन्हान्स्ड'. एन्हान्स्ड लावलंस, तर टाइप केलेला मजकूर तपासण्यासाठी गूगलकडे जातो. दुसऱ्याची खासगी पत्रं, बँकेचे तपशील, घरगुती वादाचे अर्ज तू लिहितेस. त्या मशीनवर साधंच ठेव. माणूस विश्वासाने सांगतो, तो विश्वास आपण जपायचा.

फोनवर मेलचं ॲप स्वतः सहसा तपासत नाही, तपासणी अँड्रॉइडची किंवा कीबोर्डची असते. म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये भाषा आणि इनपुटखाली 'स्पेल चेकर' बघ. जीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडली आहे का, तेही बघ. नव्या फोनवर रेघ येत नाही म्हणून कुणी आलं, तर हीच दोन ठिकाणं.

जुने फॉन्ट

तुझ्याकडे लोक पेनड्राइव्हवर जुना मजकूर आणतील. संस्थेचं लेटरहेड, ग्रामपंचायतीचा ठराव, देवस्थानची पावती. त्यातला बराचसा श्रीलिपी, कृतिदेव किंवा सी-डॅकच्या आयएसएममधल्या फॉन्टमध्ये असतो. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात, फक्त त्यांवर मराठी आकार चढवलेले. स्पेलचेकला ते आतलंच दिसतं. मग एकतर सगळं लाल, नाहीतर काहीच नाही.

ओळखायची युक्ती सोपी आहे. दोन ओळी निवडून फॉन्ट एरियल कर. मजकूर मराठीच राहिला, तर तो युनिकोड. त्याची इंग्रजी अक्षरांची खिचडी झाली, तर जुना फॉन्ट. तो आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणायचा आणि मगच तपासायचा. कन्व्हर्टर जोडाक्षरं, रफार आणि वेलांटी यांच्यात घोळ घालतो, म्हणून रूपांतरानंतर पहिलं पान शब्दाशब्दाने वाच. युनिकोडमध्ये देवनागरी 1991च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. आता नवीन काहीही लिहिताना दुसरं काही वापरू नकोस.

सारखी दिसणारी अक्षरं

बरोबर लिहिलेल्या 'ॲड' किंवा 'ॲप' या शब्दांखाली रेघ आली, तर घाबरू नकोस. 'ॲ' हे एक स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये 2008 साली आलं. त्याआधी लोक 'अ' टाइप करून त्यावर चंद्र द्यायचे, आणि अजूनही पुष्कळ जण तसंच करतात. दिसायला दोन्ही सारखी, यंत्राला मात्र वेगळी. ओळखायचं असं: अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेव आणि बॅकस्पेस एकदाच दाब. फक्त चंद्र गेला आणि 'अ' राहिला, तर ते दोन तुकड्यांचं आहे. अख्खं अक्षर गेलं, तर एकसंध. एकसंधच वापर. 'वाऱ्यावर', 'किनाऱ्यावर' यांतल्या 'ऱ्य'चंही तसंच, तोही दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकच रीत ठरव आणि तीच सगळीकडे पाळ, म्हणजे शोधताना आणि तपासताना शब्द निसटत नाहीत.

गावांची नावं शब्दकोशात घाल

खरसई, मेंदडी, पाभरे, घोणसे, तोंडसुरे. ही नावं कोशात नसतील तर रोज लाल होणार, आणि रोजच्या लाल रेघांनी नजर मेली की खरी चूकही दिसत नाही. म्हणून आपल्या तालुक्यातली गावं, वाड्या, नेहमीची आडनावं राइट क्लिक करून कोशात घाल. पण घालण्याआधी सात-बारा किंवा आधार समोर ठेव. चुकीचा शब्द एकदा कोशात गेला, की यंत्र ती चूक कायम बरोबर मानतं. आउटलुकचे असे शब्द 'कस्टम डॉट डिक' या फाइलमध्ये राहतात, थंडरबर्डचे 'पर्सडिक्ट डॉट डॅट'मध्ये, एका ओळीवर एक शब्द. चुकीचा शब्द गेला असेल तर तिथून काढता येतो. मशीन बदलताना ही फाइल सोबत ने. तुझी सगळी मेहनत तिच्यात आहे.

इंग्रजीत आपल्या गावाचं नावसुद्धा दोन प्रकारे लिहिलेलं सापडतं, 'एस'नंतर 'ए' असलेलं आणि नसलेलं. कोणतं बरोबर यावर वाद घालत बसू नकोस. गिऱ्हाइकाच्या पासपोर्टवर किंवा पासबुकावर जे असेल, तेच अक्षरशः उतरव.

रेघेला न दिसणाऱ्या चुका

रेघ परत आली म्हणून निर्धास्त राहू नकोस. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. सगळेच शब्द कोशात आहेत, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा पडला तरी यंत्र गप्प बसतं. इथे नियम माहीत असावे लागतात. मराठी साहित्य महामंडळाचे 1962चे 14 आणि 1972चे 4 असे 18 नियम आहेत. पाठच कर. मो. रा. वाळंबे यांचं व्याकरणाचं पुस्तक आणि अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' काउंटरखाली ठेव. वीज गेली तरी पुस्तक उघडतं.

जुन्या दस्तांच्या बाबतीत मात्र उलटं धोरण ठेव. म्हसळा 1948पर्यंत जंजिरा संस्थानात होतं, आणि जुन्या कागदांवरून वारसाचे अर्ज आजही लिहिले जातात. त्यात 'कांहीं', 'नाहीं', 'तेथें' असे अनुस्वार असतात. मेलमध्ये तो उतारा द्यायचा झाला, तर रेघ आली तरी एक टिंबही बदलू नकोस. दस्त जसा आहे तसाच उतरवायचा. शुद्ध करायचं ते आपण स्वतः लिहिलेलं.

शेवटचं आणि सगळ्यात जुनं

मला टाइपरायटर मामांनी शिकवला. तिथे लाल रेघ नव्हती. त्यांची शिस्त अशी होती, की कागद रोलरवरून निघण्याआधी एकाने कच्चा मसुदा मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने टाइप केलेलं ताडायचं. नाव आलं की थांबायचं, आकडा आला की एकेक अंक म्हणायचा, तारीख आली की दोनदा. मी ते आजही सोडलेलं नाही. तूसुद्धा 'सेंड' दाबण्याआधी ज्याचा मेल आहे त्याला समोर बसव आणि सगळं वाचून दाखव. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना तर आवर्जून वाचून दाखव. आपलं म्हणणं म्हणून नेमकं काय चाललंय, हे कळण्याचा हक्क त्यांचा आहे.

रेघ असली तर तिची मदत घे, हरवली तर वर सांगितलेल्या क्रमाने शोध. पण मेलखाली ज्याचं नाव जातं, त्याच्या कामाची जबाबदारी लिहिणाऱ्या हातावर असते. ती यंत्रावर टाकू नकोस.